लाल भिंती, पिवळी दारं

माँट्रियल, रविवार

प्रिय रेजाँ,

आईला सांग, नवं बिऱ्हाड झकास लागलंय. भिंती टोमॅटोसारख्या लाल, दारं पिवळीधमक. शेजारच्या मादाम पेल्शा उंबऱ्यातच थबकल्या. "अगं बाई, सर्कस उतरलीये का इथे?" म्हटलं, "हो, तिकीट काढा नि या आत!"

तिला एवढंच वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं.

डॉक्टर म्हणतात, नजर हिवाळ्यापर्यंत टिकेल, पुढचं सांगता येत नाही. पांढऱ्या भिंतीतलं पांढरं दार मला दिसेना, कपाळ फुटलं. म्हणून हा रंगांचा तमाशा. सकाळी डोळे उघडायचीच भीती वाटते रे; आज लाल दिसलं नाही तर?

दरवर्षीसारखं एक जुलैला, भाडेकरार संपले तसं, अख्खं शहर घरं बदलत होतं. फुटपाथवर टाकलेली जुनी कपाटं काय देखणी होती! एकही उचललं नाही. अनोळखी कोपरे घेऊन काय करू?

आजीचं पाइनचं कपाट तू विकायला काढलंयस. विकू नकोस, मला पाठव. त्याचं डावं दार अडतं, खालच्या खणाला तुझ्या चाकूचा ओरखडा आहे. ते माझ्या हातांना पाठ आहे.

आईचे गुडघे कसे आहेत? लगेच कळव, आणि जरा मोठ्या अक्षरात लिही.

तुझी ताई,
गिस्लेन