राहिलेलं सूनमुख

प्रिय मीरगुल,

अगं, तुझा चेहरा पाहिला! काल माझी नात आयपेरी नारिनहून सुट्टीला आली, चुलीपाशी बसून तिनं फोनवर तुझा फोटो दाखवला, आणि मी कणकेचे हात तसेच ठेवून टाळ्या पिटल्या. पीठ सगळं तिच्या केसांत. बिश्केकचा तो शिवणकामाचा कारखाना, मागं निळ्या कापडाचे तागे, तुझ्या गळ्यात टेप, आणि गाल कसे, तर दुधावर नुकती धरलेली साय. एक डाग नाही, एक पुळी नाही. मी म्हटलं, "आण इकडं तो फोन, मुका घेऊ दे." तर ही कारटी म्हणते, "मोठी आई, काच खराब होईल." मी तरी घेतलाच. तिच्यावर रागावू नकोस हं. तू कुणाला पत्ता देऊ नकोस म्हणालीस आणि तिनं दिला, कारण मी रात्रभर तिच्यामागं लकडा लावला.

अक्षर माझंच आहे. चौथीत होते तेव्हा आई वारली आणि मेंढ्या माझ्या गळ्यात पडल्या, तेव्हापासून माझी अक्षरंही मेंढ्यांसारखीच, एक वळवावी तर दुसरी पांगते. तू आपली गोळा करून वाच. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर मला हसू येतं. खरं बोलायच्या आधी मी चार चेष्टा करते आणि मग खरं राहूनच जातं. कागदावर हसता येत नाही.

इकडं सगळं तसंच आहे. तपकिरी गाय व्याली, कालवड झाली. कुरणावरून कळप महिनाभर आधीच खाली आणले, बर्फ लवकर पडलं. तू लावलेलं जर्दाळूचं रोप गेल्या थंडीत जळालं असं मला वाटलं होतं, पण बुंध्याशी हिरवं आहे. तुझ्या सासूचे गुडघे दुखतात आणि तोंड चालतं, उलट असतं तर बरं झालं असतं. बघ, केली ना चेष्टा. माझ्या जिभेला हाड नाही हे माझी सासूही म्हणायची. तेव्हा मला ते कौतुक वाटायचं.

तू या घरात आलीस तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. सगळी आळी जमली होती, आणि मी घरातली सगळ्यांत म्हातारी म्हणून तुझ्या तोंडावरची ओढणी उचलायचा मान माझा. मी जुनिपरच्या डहाळीनं ती वर केली. नव्या सुनेचं तोंड पहिल्यांदा पाहायचं म्हणजे काहीतरी हातावर ठेवायचं, ही आपली रीत. आत्यांनी रुमाल दिले, शेजारणीनं बांगडी दिली. मी माझ्या वेणीतली चांदीची फुलं खास तुझ्यासाठी घासून ठेवली होती, खिशात होती. पण ओढणी वर झाली आणि तुझ्या गालांवर, हनुवटीवर त्या लाल पुळ्या, वर पावडरचा थर. तू डोळे खाली घातले होतेस. मी म्हटलं, "भेट कसली द्यायची? चेहरा कुठं दिसतोय, पुळ्याच दिसतायत! चेहरा सापडला की भेट देईन!" काय हसले गं सगळे. बायका पोट धरून हसल्या. एर्मेकसुद्धा हसला, माझा नातू, तुझा नवरा. तूही थोडी हसलीस. मी तेवढं पाहिलं आणि मला वाटलं, चला, सून खेळकर आहे, आमचं जमेल.

पुढं महिनाभर आळीत ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. "काय उमसुनाय, सुनेचा चेहरा सापडला का?" आणि मी म्हणायची, "शोधतेय, शोधतेय." तू चहा ओतत असायचीस. मी तुझ्या मागं लागले ते आपल्या घरगुती उपायानं. दह्याच्या कुरुताचे गोळे वाळत घालायच्या आधी जी आंबट निवळ उरते ना, ती वाटीत घेऊन रोज सकाळी तुझ्या गालांना चोळायची. तू डोळे मिटून बसायचीस, झोंबत असणार, एकदाही हूं की चूं केलं नाहीस. आणि मग त्या हिवाळ्यात पुळ्या उतरू लागल्या. आधी कपाळावरच्या, मग गालांवरच्या. मला तर आभाळ ठेंगणं झालं! आळीभर सांगत सुटले, "बघा, डॉक्टर काय करतील, माझ्या निवळीनं केलं!" तीन घरांतल्या पोरी वाट्या घेऊन माझ्या दारात यायला लागल्या. त्यांचं काही झालं नाही ते सोड. मी म्हणायची, चोळायला हात लागतो.

मे महिन्यात कुरणावर जायच्या आधी गाद्यांची उतरंड उन्हात घालायला काढली. तिसऱ्या रजईच्या घडीतून ती हिरवी पट्टी पडली. एकेक वाराचं नाव छापलेली, निम्म्या गोळ्या संपलेल्या. मला काय कळतंय? मला वाटलं, पोरीला काही दुखतंय नि सांगत नाही. काळजीनंच घेऊन गेले मी गावच्या नर्सकडं, हे तू मान किंवा मानू नकोस. ती बघून म्हणाली, "अहो आजी, या मूल न होण्याच्या गोळ्या." तिच्या दारातून आपल्या दारापर्यंत चालत मी ते पोटात ठेवायला हवं होतं. माझ्या पोटात कधी काही राहिलंय? वाटेतच तुझी सासू भेटली.

पुढचं तुला माहीत आहे, तू तिथं होतीस. तरी लिहिते, कारण लिहिताना माझा हात मला दिसतो. तुझी सासू बुरुल ओरडत होती, "आठ महिने मी पाळण्याचं कापड जपतेय आणि ही माझ्याच घरात बसून माझं नातवंड गिळतेय!" एर्मेक उंबऱ्यात उभा. तू हळूच म्हणालीस, "आई, या चेहऱ्यासाठी आहेत. नारिनच्या डॉक्टरीणबाईंनी दिल्यात. चेहरा नीट झाला की बंद करायच्या होत्या." बुरुल म्हणाली, "पुळ्यांना कुणी पोटाची गोळी देतं का? कुणाला शिकवतेस?" तेव्हा तू माझ्याकडं पाहिलंस. सगळे असताना फक्त माझ्याकडं. म्हणालीस, "मोठी आई, तुम्ही तर रोज माझे गाल बघता." आणि मी काय म्हणाले? "चेहरा तर माझ्या निवळीनं साफ झाला."

एवढंच. तुला खोटं पाडायचं माझ्या मनात नव्हतं गं. माझ्या निवळीचं कौतुक मला सोडवेना. पण त्या एका वाक्यानं तू खोटी ठरलीस. दोन दिवसांनी तुझा भाऊ तलासहून गाडी घेऊन आला. तू मला वाकून तीनदा नमस्कार केलास, पहिल्या दिवशी केलास तसा, आणि मी "सुखी राहा" म्हणाले. गाडी वळेपर्यंत मी हात हलवत होते. माणसाचा हात किती मूर्ख असतो.

आता आयपेरीचं ऐक. नणंद म्हणून तुला तिची माया आहे, मला माहीत आहे. गेल्या डिसेंबरात नारिनच्या वसतिगृहात तिच्या तोंडावर पुळ्या उठल्या. तुझ्यासारख्याच, हनुवटीला नि जबड्याच्या कडेनं, दुखऱ्या. मी निवळ पाठवली बाटलीत. तिनं ती ओतून दिली आणि डॉक्टरीणबाईंकडं गेली. जानेवारीत बुरुल नि मी तिला भेटायला गेलो तर तिच्या उशाशी तीच हिरवी पट्टी. बुरुलनं ती उचलली, "हे काय गं?" तर पोरगी शांतपणे म्हणते, "पाळीच्या गडबडीनं येतात या पुळ्या. रक्त तपासलं, रक्तदाब बघितला, मग दिल्या. तीन-चार महिने लागतात. वहिनीला दिल्या होत्या त्याच." माझा विश्वास बसेना म्हणून ती मला त्या बाईंकडं घेऊन गेली. तरणी बाई, वाघिणीसारखी. म्हणाली, "आजी, आतलं आत बिघडलेलं असतं, ते बाहेर चेहऱ्यावर दिसतं. बाहेरून चोळून कसं जाईल?" मी निवळीचं सांगितलं तर तिला हसू आवरेना. मग माझं तोंड बघून तिनं पाणी दिलं.

परतीच्या गाडीत बुरुल म्हणाली, "शहरात सगळ्याच घेतात. आयपेरी चालू ठेवू दे. लग्नाआधी तोंड नीट व्हायला हवं." मी म्हटलं, "आणि मीरगुल?" तिनं खिडकीकडं तोंड केलं. "झालं ते झालं. गावात कशाला शोभा?" जी गोळी सुनेच्या रजईत पाप होती ती लेकीच्या उशाशी औषध झाली. आणि मी, जी कधी गप्प बसत नाही, ती नारिनपासून घरापर्यंत गप्प बसले.

तुला आता एक सांगायचं आहे. आत्तापर्यंत इकडचं तिकडचं सांगत मी त्याच्याभोवतीच फिरत होते. फेब्रुवारीत एर्मेक माझ्यापाशी आला. मी लोकर पिंजत होते. तो शेजारी बसला, लहानपणी बसायचा तसा, आणि म्हणाला, "मोठी आई, मीरगुलला आणायला जाऊ का? तिच्याशिवाय मला करमत नाही. आई माझं ऐकणार नाही. तुम्ही सगळ्यांसमोर एक शब्द बोललात तर ऐकेल." मला तेव्हा सगळं माहीत होतं, मीरगुल. महिना झाला होता कळून. एक शब्द. आणि मी म्हणाले, "थांब रे, घाटात बर्फ आहे. रस्ता उघडू दे."

बर्फ नव्हतं गं तेवढं. लोक येत-जात होते. मला लाज वाटली. मला आळीसमोर म्हणावं लागलं असतं की माझ्या निवळीनं काही झालं नव्हतं. वाट्या घेऊन येणाऱ्या पोरी हसल्या असत्या. मी जन्मभर दुसऱ्यांवर हसले आणि माझ्यावर कुणी हसेल या भीतीनं तुझं दार लावलं. एर्मेक बिचारा खरंच थांबला. त्याला वाटलं, म्हातारी काहीतरी जाणून बोलतेय. रस्ता उघडेपर्यंत बुरुल कोचकोरच्या एका मुलीच्या कानात कुड्या घालून सोयरीक पक्की करून आली. मीही बरोबर होते. एर्मेक नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही, घोड्याला नाल मारत बसला. लग्न या शनिवारी आहे. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं मला वाटत होतं, आणि बघ, कागदाच्या शेवटाला आले तेव्हा कुठं सांगतेय.

ती मुलगी एकोणीस वर्षांची आहे. तिच्या हनुवटीवर तीन पुळ्या आहेत. मी पाहिल्या, आणि माझी जीभ आपोआप वळवळली. इतकी दातांखाली धरली की रक्त आलं. शनिवारी डहाळी पुन्हा माझ्याच हातात देणार आहेत. रोज ठरवते की ओढणी उचलायच्या आधी सगळ्यांना ओरडून सांगायचं, माझी मीरगुल खोटी नव्हती, खोटी मी होते. आणि रोज त्या ओढणीआडची पोर डोळ्यांपुढं येते. भरल्या मांडवात तिचं काय होईल? बोलले तर ती मोडते, गप्प राहिले तर तू मोडलेली राहतेस. वेळेवर बोलले असते तर दोघी वाचला असतात. आता माझ्याकडं कुणालाच द्यायला चांगलं असं काही उरलं नाही. एर्मेकला काल मी सगळं सांगितलं. तो मेंढ्यांच्या गोठ्यात जाऊन बसला, आणि मग येऊन म्हणाला, "मोठी आई, हे मला सांगायला नको होतं." तेही खरंच.

या पाकिटात रुमालाच्या गाठीत चांदीची दोन फुलं आहेत. त्यासाठीच हे पत्र, बाकी सगळी म्हातारीची बडबड. ही तुझी तोंडपाहणीची भेट, त्या दिवशी माझ्या खिशातच राहिलेली. चेहरा सापडला की देईन असं मी सगळ्यांसमोर बोलले होते ना, तर काल सापडला. पुळ्यांखाली तो पहिल्या दिवसापासून होता, माझ्याकडंच बघत होता, आणि मला दिसला तो दुसऱ्याच्या फोनवर, तू या घरची कुणी नसताना. घालावीशी वाटली नाहीत तर विकून टाक, पण परत पाठवू नकोस. उत्तरही लिहू नकोस. आयपेरीला मात्र अधूनमधून फोटो पाठवत जा. मी मागणार नाही. ती फोन उघडेल तेव्हा मी तिच्या मागं उभी राहीन, काही न बोलता.

तुझीच,
मोठी आई उमसुनाय