भट्टीवरची भाचरं

ता. ४ नोव्हेंबर, इरोड
दुकानात एक मॅडम आल्या. कवठे महांकाळच्या. सोनं गाळायला आपली पोरं एवढ्या लांब का येत्यात, कोण आणतं, पुढं त्यांचं काय हुतं, ह्यो त्यांचा अभ्यास. लेबर इकॉनॉमिस्ट म्हणं. मामा हसला. "ताई, चुकीच्या जागी आलाय. इथं कामगार कोण न्हाई. ही दोगं माजी सख्खी भाचरं."
दोगं म्हंजी मी न् मावशीचा दिल्या.

ता. ५
मॅ. परत आल्या. आमच्याजवळ पायरीवर बसल्या. मी इचारलं, एवढं शिकून ह्योच अभ्यास का?
"माझे वडील चुलत्यांच्या भट्टीवर होते. गेले तेव्हा चुलते म्हणाले, तो कामाला नव्हता, आमच्यात राहायला होता. आई काय बोलणार?"
तेवढ्यात दिल्या खोकला. ॲसिडचा लाल धूर, त्यो भाईर काढायचा वरचा पंखा कवाचा बंद. मॅ.नी पंख्याकडं बघितलं. मामानं पण.

ता. ११
दिल्याला सांगलीला धाडला, दवाखान्यात. टेसनवर दम लागलेला, तरी चेष्टा. "सासऱ्याला जप रं जावया." मामाच्या कोमलचं न् माझं ठरलंय, म्हणून.

ता. १९
दिल्या गेला.
मामा एकटाच निघाला. मला म्हणाला, भट्टीवर कोणतरी पायजे.

ता. २ डिसेंबर
मामा आला. दहाव्यापर्यंत सगळं त्यानंच केलं. मावशीनं एवढंच मागितलं, पोरगं तुज्याकडं कामाला हुतं असं लिहून दे. सरकारी मदतीला लागतंय, मॅ.नी तिला सांगितलेलं. "सख्ख्या भाच्याला कामगार म्हणू? ह्या तोंडानं?" सांगताना रडला. रडणं खोटं न्हाई. त्येच लय वंगाळ.

ता. ४
मावशीचा फोन. "दादा न्हाई म्हणतोय रं. तू त्याच्या शेजारी हुतास. तू दे लिहून."
व्हय म्हणलं. लिहिलं बी. दिल्या न् मी मामाच्या भट्टीवर कामाला. सही राहिली. हे मामाच्या हातात पडलं तर कोमल...

ता. ५
सकाळी उठून बघतो तर मामा शिडीवर. नवीन पंखा, सवता बसवतोय. मग वरनंच, "बग रं, जातोय का धूर भाईर?"
"जातोय."
उतरला न् दिल्याच्या जागेवर बसला. किती येळ.
दुपारी मॅ.चा फोन. म्हणाल्या, "सही केलीस तर तुझं तिथं काय होईल ते मला माहीत आहे. म्हणून कर म्हणणार नाही."
मग कोण म्हणणार?
कागद खिशात हाय. भट्टी पेटलीया. धूर सरळ वर जातोय, जरा बी खाली येत न्हाई.