होडीवरची गाठ

बाबा, बोईसरच्या आमच्या इमारतीला रंग द्यायचा म्हणून खिडकीबाहेर परांची बांधली आहे, आणि सकाळपासून मी तिच्या गाठी ओढून बघते आहे. "आंटी, आप ही गिर जाओगी," रंगारी ओरडला. मी म्हटलं, माझा बाप पडला होता, मला नको शिकवूस.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा तू होडी सोडून परांची बांधायला गेलास. दोरखंडाला सरावलेले हात बघून मुकादमानं लगेच ठेवून घेतलं. बांबूला तू होडीवरचीच गाठ मारलीस, पाणी लागलं की आवळणारी. पण तिथे पाणी कुठलं? वैशाखाच्या उन्हात काथ्या वाळला, गाठ सैलावली आणि फळीसकट तू खाली आलास. नशीब, खाली वाळूचा ढीग होता. दवाखान्यातून खाटेवर घालून आणलं, तेव्हा पाय मांडीपासून प्लास्टरात होता. आईनं कपाळावर हात मारला. "दर्यात कवा बुडला नाय, नि कोरड्यात बुडला!" एवढ्या दुखण्यातही तू हसलास.

आधी तू दर्यात, मग कामावर. दिवसाउजेडी मला दिसायचास कुठे? पाय मोडल्यावर मात्र आई मासळी घेऊन बाजारात गेली की घर आपल्या दोघांचं. खाटेशेजारी शेगडी ओढून तू बोंबलाचं कालवण करायचास, नाकातोंडातून धूर निघेल असं तिखट. शाळेसाठी माझ्या वेण्याही तूच घालायचास. पडल्यापासून गाठींवरचा तुझा विश्वास उडाला होता, त्यामुळे रिबिनी संध्याकाळी आईला दातांनी सोडवाव्या लागत. "पोरीच्या केसाला नांगर टाकलाय का?" ती करवादायची. "सुटली तं नाय ना?" तू म्हणायचास. मी फार सुखात होते, बाबा.

पाय जुळला, जरा आखूडच राहिला. मुकादमाचा निरोप आला. "आता गाठ मारली का दुसऱ्या दिवशी बी ओढून बघीन," असं आईला सांगून तू निघालास, आणि मी तुझा सदरा धरून भोकाड पसरलं. बाप पुन्हा पडेल म्हणून पोर घाबरली, असं सगळे म्हणाले. तुलाही तेच वाटलं असणार.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? राहू दे इथेच. फक्त एक सांगते. तुझा पाय लवकर बरा व्हावा म्हणून आई रोज देवापुढे हात जोडायची, आणि तिच्या मागे उभी राहून मी हळूच म्हणायचे, इतक्यात नको.