पाचशेचा की अडीचशेचा

बाबा, आज दुकानाचं शटर अर्धंच वर केलं आणि तुमच्या टेबलाशी येऊन बसले. गिऱ्हाईक आलंच तर त्याला काय सांगायचं, ते अजून ठरत नाही. तशीही चिखलीत आपल्याकडे आता गर्दी कुठली? लग्नातले ऑर्केस्ट्रा गेले, डीजे आले, गिटारी कपाटांवर जाऊन बसल्या. येतात ते साऊंडवाल्यांचे अँप्लिफायर नाहीतर फाटलेले स्पीकर. गिटार वर्षात एखादी. मागच्या आठवड्यात ती आली, आणि तिच्याबद्दल जे सांगायचं आहे ते समजणारं माणूस तुमच्याशिवाय कोणी नाही. तुम्हाला जाऊन तर इतकी वर्षं झाली.

सासर सोडून मी कायमची परत आले तेव्हा आई भिंतीला टेकून रडायची, आत्या समजूत काढायची, आणि तुम्ही फडक्यानं एक स्टूल पुसून दुकानात ठेवलंत. 'रिकामी बसू नको वं. इथं बस.' एवढंच बोललात. मग माझ्या तळहातावर एक पॉट ठेवलात, पत्र्याच्या पाठीचा, सुपारीएवढा. 'गिटारीवरचं बटन आपण फिरवतो ना, त्याच्याखाली हा असते. आवाज याच्यातूनच जाते. हा झिजला का गिटार खरखरते.' तुम्ही मूळचे रेडिओवाले. पहिली गिटार हाती आली तेव्हा तिच्यात रेडिओचाच दहाचा, म्हणजे दहा किलो-ओहमचा, पॉट ठोकून दिला होता, आणि मलकापूरचा तो ऑर्केस्ट्रावाला दुसऱ्याच दिवशी दारात उभा. 'भाऊ, हिले सर्दी झाली का?' हे तुम्ही स्वतःच हसत सांगायचात. पॉटचा आकडा लहान असला की आवाजातला वरचा बारीक भाग गळून जातो, गिटार गोधडीखालून बोलल्यासारखी वाटते. गिटारीला अडीचशेचा नाहीतर पाचशेचा लागतो, आणि त्या दोघांतला कोणता, हे पुस्तक सांगत नाही, असं तुमचं म्हणणं.

माझ्या हातून पहिला पॉट मेला तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. पत्र्याच्या पाठीवर तार जोडायची होती. पाठ आधी पॉलिशपेपरनं घासायला मी विसरले, मग शिसं काही धरेना, आणि मी आपली तापलेली सोल्डरगन टेकवून बसले. तुम्ही वर न बघता विचारलंत, 'काऊन वं, पोळी शेकून राह्यली का?' तोवर पॉट आतून जळून गेलेला. आणखी एकदा मी मीटर लावून आकडा वाचला आणि ऐटीत म्हणाले, हाच बरोबर. तेव्हा मात्र तुम्ही खरंच चिडलात. 'आकडा दुकानदारासाठी असते. गिटार काय मीटर आइकते का? कानाले इचार.' आणि मला भिंतीकडे तोंड करून बसवलंत. मागे तुम्ही दोन्ही पॉट चिमट्यांनी नुसते अडकवून आलटून पालटून वाजवत होतात आणि मी सांगायचं, आता कोणता. पाठवणीच्या गाण्याला गिटारवाला करंगळीनं बटन हळूहळू फिरवायचा, आवाज शून्यातून चढत यायचा आणि मांडवातल्या बाया पदर डोळ्यांना लावायच्या. तो चढ मध्येच उडी मारून आला तर सगळं वाया, म्हणून तुम्ही बटन आपल्या करंगळीनंच तपासायचात. भिंतीकडे बघून बघून मला ऐकू यायला लागलं. पाचशेचा लावला की खिडकी उघडल्यासारखं व्हायचं. मला आयुष्यात इतकं नेमकं दुसरं काहीच कधी कळलं नाही, बाबा.

मागच्या उन्हाळ्यात मला वाटलं, आपला जुना अँप सुधारला. त्याची ती कायमची सूं बंद झाली होती. मी खुशीत भाचीला म्हणाले, बघ, म्हातारपणी शांत झाला. ती म्हणाली, 'आत्या, किती सूं करून राह्यला तो.' मग बुलडाण्याला जाऊन कान तपासून घेतले. डॉक्टर बाई चांगल्या होत्या, समजावून बोलल्या. वरचे बारीक आवाज गेले, परत येणार नाहीत, आणि खालचेही हळूहळू जातील. इतकी वर्षं स्पीकर फुल करून तपासले, त्याचंही असेल म्हणाल्या. मी विचारलं, मशीन लावलं तर पॉटची खरखर कळेल का? त्या म्हणाल्या, मशीन माणसांचं बोलणं ऐकायला असतं. मी मान हलवली. माणसांचं बोलणं मला हवंच होतं असं नाही. या दुकानामुळे मी कोणाची तरी टाकलेली बायको न राहता गिटारवाली बाई झाले होते. ते गेलं तर मी कोण? मला फार भीती वाटते.

तर ती गिटार. देऊळघाटचा एक तरुण घेऊन आला. घरची भाजीची शेती, हौसेनं वाजवतो. बहिणीचं लग्न दोन दिवसांवर, पाठवणीला स्वतः वाजवायचं म्हणत होता. बटन अर्ध्यावर गेलं की आवाज गायब. पॉट संपलेलाच होता, ते मीटरवरही दिसलं. पण तारांचा आवाज पकडणारा आतला पिकअप कोणीतरी बदललेला, त्यामुळे अडीचशे की पाचशे, हे ऐकूनच ठरवायचं. मी दोन्ही चिमट्यांना लावले, त्याला म्हटलं, तू वाजव आणि बदलत जा, मी भिंतीकडे बघते.

त्यानं वाजवलं. बदललं. पुन्हा वाजवलं. 'सांगा मावशी, आता कोणता?' भिंतीवरचा चुना तेवढा दिसत होता. दोन्ही सारखेच, गोधडीखालचे. मी वळले आणि म्हणाले, 'तुला काय वाटते ते सांग आधी.' त्याचा चेहराच उजळला होता. 'हा दुसरा. लय मोकळा हाये हा.' मी चिमट्याकडे पाहिलं, पाचशेचा होता. 'मलेही तोच वाटला,' म्हणाले. कानशीनं लाकडाचं भोक जरासं मोठं केलं, पाठ घासली, तार जोडली, नट आवळला. हात अजून चांगले चालतात. तो करंगळीनं बटन फिरवत त्याच्या बहिणीचं गाणं वाजवत बसला आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत मान डोलावत राहिले.

जाताना म्हणाला, 'आमच्या बँडपार्टीतला बेंजोही खरखरते. लग्न निपटलं का आणतो. तुमच्याच हातानं करा.' मी 'आण' म्हणाले. खरं तर नाही म्हणायचं होतं. आता तो कधीही येईल. घरी कोणाला काही सांगितलेलं नाही.

हे पत्र टाकायचं तरी कुठं. आणि टाकलं असतं आणि तुम्ही वाचलं असतं, तर पहिलं एकच विचारलं असतंत, आवाज कसा आला? मला माहीत नाही, बाबा.