शेवटच्या ओळीखाली

लातूर, ६ ऑगस्ट २००१

चि. तनुजा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज सोमवार. सकाळी दहाला क्लासवर गेलो, दुपारी दोनला घरी आलो. मधल्या चार तासांत काम काहीच झालं नाही.

भुजंगला, तुझ्या बाबाला, जाऊन काल दोन महिने झाले. त्याच्या खुर्चीवर आता मी बसतो, हे तुला माहीत आहे. तहसील कचेरीत तीस वर्षं याद्या केलेला माणूस म्हणून क्लासच्या नरसिंग सरांनी मला दर रविवारच्या परीक्षेचे मार्क टाकायला ठेवलं. मी मार्क टाकायचे आणि तुझ्या बाबाने पर्ल भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामने पोरांचे नंबर लावायचे, अशी वाटणी. सरांनी नवीन कॉम्प्युटर आणला, त्याला हार घातला, नारळ फोडला आणि त्या दिवसापासून प्रोग्राम बंद. भुजंगच्या फायलीवर दोनदा टिचकी मारली की एक काळी खिडकी उघडते, आणि मी चष्मा नीट करेपर्यंत बंद होते. चाळीस वेळा करून पाहिलं. मला बघून पळते अशी शंका आहे.

सर म्हणाले, महिनाअखेरपर्यंत वाट बघतो, मग पुण्याहून तयार प्रोग्राम आणतो आणि हा पुसून टाकतो. पण तो पुसला जाऊ नये, असं मला फार वाटतं. त्याच्या हातचं उरलेलं तेवढंच एक आहे.

फोन नको. तो सरांच्या टेबलावर असतो, शिवाय मागच्या खेपेला तू तिरकी रेघ उलटी सांगितलीस आणि मी सुलटी काढली. लिहूनच पाठव.

घरी सगळ्यांना माझी आठवण सांग.
तुझे, आप्पा

---

नांदेड, ९ ऑगस्ट २००१

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

काळी खिडकी तुम्हाला बघून पळत नाही. तिची काहीतरी तक्रार असते, ऐकून घ्यायला कोणी थांबत नाही म्हणून ती बंद होते. आपल्या घरातल्या पुरुषांना हे नवीन नसावं.

फायलीवर टिचकी मारूच नका. स्टार्टमधून आधी डॉसची खिडकी उघडा आणि तिथे प्रोग्रामचं नाव टाइप करा, म्हणजे तक्रार पडद्यावर टिकून राहील. कॉम्प्युटर पर्लला ओळखतच नाही म्हणाला, तर पर्ल कुठे राहतं याचा पूर्ण पत्ता त्याला द्यावा लागेल. नवीन मशीन आहे, गल्लीत कोणाला ओळखत नाही. फाईल सापडत नाही म्हणाला, तर तुम्ही नोटपॅडमध्ये ती सेव्ह केली असणार आणि नोटपॅडने न विचारता नावाला स्वतःचं ‘टीएक्सटी’चं शेपूट जोडलं असणार. ते काढा. आणि जुन्या मशीनवर डी ड्राइव्ह होता, नव्यावर फक्त सी आहे, तेव्हा प्रोग्राममधला पत्ता बदला. त्यात तिरकी रेघ सुलटीच काढा. उलटी काढली की पर्ल पुढच्या अक्षराचा भलताच अर्थ लावतं. म्हणजे त्या दिवशी फोनवर मी चुकले होते आणि तुम्ही बरोबर होता. हे वाक्य जपून ठेवा, पुन्हा मिळणार नाही.

कोणत्या ओळीत काय टाइप करायचं ते वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलंय. एक सांगायचं राहिलं. प्रोग्राम पुसू देऊ नका. मी कॉलेजात पोरांना हेच शिकवते, आणि मला हे बाबांनी शिकवलं.

जेवण वेळेवर करा, एवढंच मागणं.
आपली, तनुजा

---

लातूर, २१ ऑगस्ट २००१

चि. तनुजा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या कागदाप्रमाणे केलं. तिन्ही तक्रारी तू लिहिल्यास त्याच क्रमाने आल्या. भुजंगच्या जुन्या फायलीवर प्रोग्राम चालवला, यादी बरोबर आली. सरांनी मला चहा पाजला. एकोणिसाव्या वर्षी नोकरीला लागलो, तेव्हापासून साहेबाने पाजलेला हा दुसरा.

मग परवाच्या रविवारचे मार्क मी स्वतः टाकले. दोनदा तपासले. शेवटच्या नावाखाली मोकळी ओळ राहिली होती, तीही पुसून टाकली. भूकंपानंतर किल्लारीकडच्या मदतीच्या याद्या केल्या तेव्हाची सवय. यादीखाली जागा दिसली की कोणी ना कोणी तिथे नाव घालू बघायचा, म्हणून शेवटचं नाव झालं की लगेच रेघ मारायचो.

काल यादी लागली. आज औशाहून सुलतानबी नावाच्या बाई मुलीला घेऊन आल्या. मुलगी सुमय्या, उशिरा प्रवेश घेतलेली, म्हणून मार्कांच्या फायलीत शेवटची. तिच्या पेपरवर लाल शाईत चौऱ्याण्णव, आमच्या यादीत नऊ. नऊ म्हणून ‘अ’ तुकडीतून थेट ‘फ’ तुकडीत, पत्र्याखाली. सरांचं म्हणणं, तिथे उकाड्याने पोरं जिद्दीला पेटतात. सरांच्या खोलीत एसी आहे, त्यांची जिद्द पूर्ण झाली असावी.

सुलतानबींनी सगळ्यांसमोर विचारलं, की पोरगी रात्रंदिवस अभ्यास करून राहिली, मग हे नऊ मशीननं दिले की मशीनच्या बापानं? त्यांना काय माहीत. मी खाली मान घालून पेपर बघत राहिलो. सरांनी सुमय्याला परत ‘अ’मध्ये बसवलं आणि सांगितलं, की करणारा माणूस गेला तसा आता त्याचा प्रोग्रामही गेला समजायचा. रविवारी, २ तारखेला, पुण्याचा बसणार.

भुजंगची चूक असेल तरी मला सांग.
तुझे, आप्पा

---

नांदेड, २४ ऑगस्ट २००१

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांच्या प्रोग्रामची माझ्याकडची प्रत वाचली, चूक सापडली. दोघा भावांनी मिळून केली आहे.

बाबांनी प्रत्येक ओळ वाचून झाली की तिचं शेवटचं अक्षर कापायला सांगितलं आहे. एरवी ते अक्षर म्हणजे न दिसणारं एंटर, त्यामुळे बिघडत काही नाही. तुम्ही शेवटच्या नावाखालची जागा पुसली, तिच्याबरोबर एंटरही गेलं. मग प्रोग्रामने हाताला लागलं ते कापलं, चौऱ्याण्णवातले चार. बाबांनी चॉप लिहिलं, चॉम्प लिहायला हवं होतं. चॉम्प आधी बघतं आणि एंटर असेल तरच कापतं. एका शब्दाचं काम आहे, सोबतच्या कागदावर लिहिलंय.

बाबा स्वतः मार्क टाकायचे तेव्हा शेवटी एंटर मारायचे, म्हणून इतकी वर्षं कळलं नाही. तुमच्यासारखा काटेकोर माणूस बसला आणि पंधरा दिवसांत कळलं.

आता सरांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. विंडोजवर ढकललंत तरी चालेल. विंडोजबद्दल काहीही सांगा, लोकांना पटतं. मी कोणाला सांगणार नाही.

रागावला असाल तरी उत्तर धाडा.
आपली, तनुजा

---

लातूर, ३ सप्टेंबर २००१

चि. तनुजा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

विंडोजवर ढकललं नाही. तुला खोटं कशाला सांगू, चार दिवस तसंच करायचा विचार होता. पण मग प्रोग्राम बिनभरवशाचा ठरला असता आणि पुसलाच गेला असता.

शनिवारी सरांसमोर आणि सगळ्या मास्तरांसमोर तीच फाईल दोनदा चालवली. आधी मी टाकली होती तशी, नऊ आले. मग शेवटी एंटर मारून, चौऱ्याण्णव आले. सांगितलं की ओळ मी पुसली. मग भुजंगचा शब्द बदलला, ओळ परत पुसून चालवलं, तरी चौऱ्याण्णव. मी इतका वेळ एका दमात बोलतो हे सरांना पहिल्यांदाच कळलं. मलाही.

सर म्हणाले, मग प्रोग्राम राहू द्या, पुण्याचं रद्द करतो. माणूस मात्र बदलावा लागेल, कॉम्प्युटर शिकलेला हवा. कोर्स केलेली उजमा नावाची मुलगी त्यांनी लगेच नेमली. बरोबरच आहे, तिच्या बोटांचा वेग बघितला. मी तिला फायली दाखवल्या, किल्ली दिली. तुझ्या बाबाच्या खुर्चीवर ती पाय हलवत बसते. त्याला चाललं असतं.

काल आईबापांच्या गर्दीत उभं राहून नव्याने लावलेली, दुरुस्त यादी बघितली. सुमय्या अकरावी. खाली कागदाच्या कडेला प्रोग्राम बारीक अक्षरात भुजंगचं नाव छापतो, ते कोणी वाचत नाही. मी वाचलं आणि निघालो.

तब्येत सांभाळ. दिवाळीला ये, पत्राने भागणार नाही.
तुझे, आप्पा

ता. क. पाकीट चिकटवणार तोच नळाला पाणी आलं. घागर भरली, बादली भरली, दोन्हींवर फडकं टाकलं. आता चिकटवतो.