परसातले एकशे बारा दगड

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली मदतनीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा नेमकी तीच शंका काढणार. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते त्याने सांगितले तसे लिहिले होते.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची, मुलाला द्यावे. त्याने कोर्टात खेटे घालू नयेत आणि दुसऱ्या कोणाला घालायला लावू नयेत, एवढ्यासाठीच देते. प्रेमाचा यात संबंध नाही.

२. औषधपाण्यातून बँकेत काही उरलेच तर ते शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावे. त्यातून काचेची भांडी घ्यावीत. मुख्याध्यापकांच्या खोलीला पडदे शिवू नयेत.

३. पाणसळ, रबरी हातोडा आणि थापी धाकट्या दिरांना. ते बांधकामाचे ठेकेदार आहेत. माझे यजमान रस्ते खात्यात मुकादम होते. जन्मभर लोकांचे रस्ते केले आणि स्वतःच्या परसात घोटाभर चिखल ठेवला. "पुढच्या वर्षी करू," असे एकवीस वर्षे म्हणाले आणि गेले. मग मीच दगडाची फरशी घालायला घेतली, तेव्हा दीर खुर्ची टाकून मजा बघत बसले. म्हणाले, "वहिनी, सिमेंट नाही घातलंत तर वर्षभरात दगड नाचायला लागतील." मी खाली खडी ठोकून बसवली, वर वाळू पसरली आणि त्यावर दगड नुसते ठेवले. त्याला नऊ वर्षे झाली. एकही हललेला नाही. हत्यारे दिरांनी शिकण्यासाठी वापरावीत.

४. परसातले ते दगड, मोजून एकशे बारा, घरात धरू नयेत. ते कशालाही चिकटवलेले नाहीत, त्यामुळे उचलून नेता येतात. मुलगा वर्षातून दोनदा येतो, तोही मोजपट्टी घेऊन. तिथे त्याला गाडी लावायची आहे. खुशाल लावावी, चिखलात.

हे दगड मी सुनेला देते. मुलाने तिला सोडून आठ वर्षे झाली. त्याच्या लेखी ती आता कोणी नाही. माझ्या लेखी सून तीच.

याचे कारण लिहून ठेवते. पहिल्या खेपेला मी पाणसळ लावून लावून फरशी अगदी सपाट बसवली होती. सून म्हणाली, "आई, सरळ बसलीय खरी, पण पाणी कुठे जाणार?" मी म्हणाले, "मला शिकवू नकोस." फरशी धुतली तसे सगळे पाणी स्वयंपाकघरात शिरले. मुलगा पोट धरधरून हसला. सून पहार घेऊन आली. आम्ही दोघींनी सगळे दगड उचलले आणि दारापासून बाहेर उतार देऊन पुन्हा बसवायला घेतले. नवव्या दिवशी माझे मनगट मोडले. उरलेले दगड तिने एकटीने बसवले.

पुढच्या वर्षी सोडचिठ्ठीच्या बोलणीला दोन्हीकडची माणसे बसली, तेव्हा मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "हिने आईला ढकललं, हात मोडला तिचा. विचारा आईलाच." सगळे माझ्याकडे बघू लागले. सूनही. म्हातारपणी मुलगा मला बघणार नाही, या भीतीने मी तोंड उघडले नाही. ती बॅग उचलून मागच्या दाराने निघून गेली. मुलाने मला बघितले नाहीच. मला लाज वाटते, अजूनही वाटते.

५. दगड उचलून पोचवण्याचे काम, ज्याच्याकडून ते विकत घेतले त्या दगडवाल्याने करावे. त्याने कबूल केले आहे. सून नको म्हणाली तर आग्रह करू नये. तिला तेवढा हक्क आहे.

६. तिने दगड घेतले किंवा न घेतले, तरी वकिलांनी मुलाला, दिरांना आणि सुनेच्या आईवडिलांना एकत्र बसवून पुढचा मजकूर मोठ्याने वाचावा :

दगड माझ्या हातातून निसटला आणि माझे मनगट मोडले. सून तेव्हा पलीकडच्या कोपऱ्यात वाळू चाळत होती. तिने मला ढकलले नाही. मला उचलून दवाखान्यात तिनेच नेले. मुलगा खोटे बोलला आणि मी ते खरे ठरू दिले.

वरील सर्व मी वाचले, ते माझेच आहे.

स्थळ : घराचे परस
तारीख : डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे तीच
सही : करून दिली

आमच्या समक्ष सही केली :
१. दगडवाला
२. शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरीणबाई