माझ्या नावाची पाटी

३ फेब्रुवारी

आज फोन उचलला आणि तोंडातून निघून गेलं, "छबी सीट वर्क्स, बोला." जीभ चावली. ते आता दादाचं दुकान. माझं दुकान म्हणजे तीन भिंती, एक शटर, एक मशीन आणि वर कोरी पाटी.

पलीकडचा माणूस म्हणाला, "हो, तेच हवंय." मी म्हटलं, ते मागच्या रस्त्यावर. "मग तुम्ही कोण?" मी छबी. "आणि हे छबी सीट वर्क्स नाही?" नाही. त्याने फोन ठेवला. मीही ठेवला असता.

इथे एकदाचं लिहून टाकते, म्हणजे डोक्यात गरगर थांबेल. मी जन्मले त्या वर्षी बाबांनी दुकान काढलं – गाड्यांच्या सीटा शिवायचं – आणि माझं लाडाचं नाव त्याला दिलं. बाबा गेल्यावर मी आणि दादा मिळून चालवत होतो. मग दादाने तयार कव्हरं आणली. कारखान्यातून शिवून येतात, उशीच्या अभ्र्यासारखी चढवायची, झालं काम. मी म्हटलं, माझ्या नावाखाली हा माल विकायचा नाही. तो म्हणाला, मग जा तुझं नाव घेऊन. मी खरंच निघाले तर म्हणतो, पाटी दुकानाची, ती इथेच राहणार. काकांना मध्ये घातलं. काकांनी बराच वेळ टाळू खाजवली. पाटी दादाला, मशीन मला.

तेव्हापासून आमचं बोलणं बंद. माझं नाव, आणि मलाच वापरायची बंदी! हसावं की रडावं?

४ फेब्रुवारी

पेंटर विचारून गेला, "ताई, नाव ठरलं का?" नाही ठरलं. "पांढरा रंग तडकायला लागलाय." तडकू दे.

७ फेब्रुवारी

गिऱ्हाईक! आणि कसलं गिऱ्हाईक!

सकाळी दारात एक गाडी थांबली. जुनी ऑडी, गडद हिरवी, लांबलचक, पुढे त्या चार कड्या. वयाने माझ्या थोरल्या मुलीपेक्षा मोठी असेल, पण तब्येत ठणठणीत. आतून उतरले दातांचे डॉक्टर. सीटांची मात्र दशा झालेली – पुढच्यांना उन्हाने भेगा, मागची त्यांच्या कुत्र्याने नखं लावून फाडलेली. "सगळ्या नव्या करायच्या. लेदरच्या. हाताने. जमेल का?" मी इतक्या पटकन हो म्हटलं की नंतर माझी मलाच लाज वाटली.

डॉक्टरांना बोलायची भारी हौस. प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाटच बघत नाहीत. सवय असणार – समोरच्याचं तोंड कायम उघडं आणि आत कापूस.

दुपारपर्यंत सगळी गल्ली गाडीभोवती. शेजारचा टायरवाला म्हणाला, "जर्मन गाडी आहे, नुसता दाराचा आवाज ऐका." दार उघडलं, लावलं. धप्. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग प्रत्येकाला लावून बघायचं होतं. चहावाल्या मावशींनी तर दोनदा लावलं. संध्याकाळपर्यंत नुसतं धप्, धप्. शेवटी मी ओरडले तेव्हा पांगले. मग शटर ओढायच्या आधी मीही एकदा लावून बघितलं. खरंच छान वाजतं.

नवऱ्याला सांगितलं. तो शाळेची बस चालवतो, त्याच्या बसचं दार लावलं की भांड्याचं कपाट कोसळल्यासारखं वाजतं. तो म्हणाला, "त्या चार कड्या कसल्या गं?" मी म्हटलं, चार चाकं, दुसरं काय असणार? त्याला वाटायचं ऑलिंपिकचं काहीतरी, एक कडी कमी पडली.

१० फेब्रुवारी

मागची सीट उसवली. कव्हर उलटं केलं आणि बसूनच राहिले.

उलट्या बाजूला, जिथे फोमला चिकटून राहणार, जिथे कुणी मेलं बघणार नाही, तिथेही टाका तितकाच सरळ. शेवट मागे फिरवून पक्का केलेला, दोरा कुठे लोंबत नाही. हे मला बाबांनी शिकवलं. त्या लांबच्या कुठल्या बाईला नाहीतर बुवाला कुणी शिकवलं असेल? माझ्यासारखीच कुणी पाठ धरून उठली असेल मशीनवरून. तिला चहा पाजावा असं फार वाटलं.

सगळे म्हणतात जर्मन गाडी म्हणजे जर्मन गाडी. ते नाव कशाने होतं ते मला आज उलट्या बाजूने कळलं.

कव्हर फेकलं नाही. खुंटीला टांगलंय, उलटं.

१२ फेब्रुवारी

डॉक्टर दवाखाना सुटल्यावर गाडीला बघायला येतात. दवाखान्यात ठेवलेल्या नातेवाइकाला भेटायला यावं तसे. आज कंपनीची गोष्ट काढली. मी शिवता शिवता नुसतं हं हं करत होते.

म्हणाले, ही कंपनी काढली हॉर्ख नावाच्या माणसाने. पण त्याची आधीही एक कंपनी होती, स्वतःच्याच नावाची. तिथे बाकीच्यांशी भांडण झालं आणि याला बाहेर पडावं लागलं. मग त्याच गावात दुसरी काढली. जुन्या कंपनीने कोर्टात खेचलं – हे नाव आमचं, तुला वापरता येणार नाही. आणि कोर्टाने त्यांचंच खरं केलं!

माझं मशीन थांबलं. "त्याचं स्वतःचं आडनाव असून?"

"स्वतःचं आडनाव असून."

"मग काय केलं हो त्याने?"

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. "अरे, एक दाढ राहिलीय." आणि गेले! दाढ काढायला! मला तसंच टांगून!

१३ फेब्रुवारी

डॉक्टर आले नाहीत. शेवटी दवाखान्यात फोन लावला. तिथल्या फोनवरच्या मुलीने विचारलं, काय त्रास होतोय? काय सांगणार? म्हटलं, लेदरच्या रंगाचं विचारायचंय.

१४ फेब्रुवारी

आले! खोटं बोलल्याचं फळ – लेदरचे नमुने मांडून बसावं लागलं. मधाच्या रंगाचं ठरलं. मग गोष्ट.

तर हा माणूस आणि त्याचे सोबती एका मित्राच्या घरी बसले नाव शोधायला. काही केल्या सुचेना. त्या मित्राचा मुलगा कोपऱ्यात लॅटिनचा अभ्यास करत होता. तो म्हणाला, हॉर्ख म्हणजे आपल्या जर्मनमध्ये ऐक. मग लॅटिनमध्ये म्हणा – ऑडी. झालं! नाव गेलं एका दाराने, आलं दुसऱ्या दाराने.

मी इतकी हसले की सुई बोटात गेली. डॉक्टर म्हणाले, सगळंच काही गोड नाही हं, पुढे युद्धात त्याच कारखान्यांत कैद्यांना राबवून घेतलं, तेही सांगायला हवं. मला ते आवडलं. गाडीवर इतकं प्रेम, पण डोळे मिटून नाही.

जेवताना नवरा कामाला लागला. "छबी म्हणजे चित्र. म्हणजेच फोटो. फोटो सीट वर्क्स!" हो, आणि लोक येतील पासपोर्टचे फोटो काढायला. दोघंही ताट घेऊन हसत बसलो. पण खरं सांगू – मला दुसरं नाव नकोच आहे. मला माझंच हवंय. आणि दादा हवाय, नाकावर चष्मा घसरलेला, मशीनच्या पलीकडे. हे मी कुणाला सांगणार नाही.

१७ फेब्रुवारी

आई आली होती. राहते दादाकडे, दुपारी येते माझ्याकडे. "मी कुणाचीच बाजू घेत नाही," असं म्हणते आणि इकडची बातमी तिकडे, तिकडची इकडे पोचवते. आजची बातमी – दादा जेवत नाही धड. वहिनी म्हणते दुकानातून येतो आणि भिंतीकडे बघत बसतो. मी म्हटलं, भिंतीवर तयार कव्हर चढवायचं म्हणावं. आईने तोंड फिरवलं. हसत होती.

जाताना खुंटीवरचं ते उलटं कव्हर हातात घेऊन तिने डोळ्यांजवळ नेलं. "तुझ्या बाबांचा टाका वाटतो," म्हणाली.

१९ फेब्रुवारी

पुढच्या दोन्ही सीटा झाल्या! एकही सुरकुती नाही. मध दिसतो नुसता. टायरवाल्याला हात धुऊन यायला लावलं, मग बसू दिलं.

डॉक्टरांनी गोष्टीचं शेपूट सांगितलं. वीस-बावीस वर्षं गेली, दिवस वाईट आले, आणि तिथल्या चार मोटार कंपन्या एकत्र आल्या. त्यांत एक ऑडी. आणि एक ती जुनी, जिने त्याला बाहेर काढून नाव ठेवून घेतलं तीच! म्हाताऱ्यालाही मानाने परत बोलावून मंडळावर बसवलं. त्या चार कड्या म्हणजे त्या चार कंपन्या, एकमेकींत अडकवलेल्या. चाकंबिकं काही नाही. आणि भांडलेल्या दोघी आजतागायत गाडीच्या नाकावर, एकमेकींना धरून.

मी म्हटलं, "डॉक्टर, वीस-बावीस वर्षं मला काही थांबता यायचं नाही."

"तुम्ही कशाला थांबताय?"

मी म्हटलं, काही नाही, दोरा संपला.

२१ फेब्रुवारी

मागची सीट बसेना. लांब आहे, तीन माणसांची, लेदर जाड. एकाने गुडघ्याने फोम दाबून धरायचा, दुसऱ्याने लेदर ताणून खालून तारेच्या रिंगा आवळायच्या. दोघांचा श्वास एक लागतो. इतकी वर्षं दाबायला दादा, ताणायला मी. तो नुसतं "हं" म्हणायचा, की मी ओढायची.

नवऱ्याला धरून आणलं. बिचाऱ्याने जीव तोडून दाबलं – नको तिथे. मी ओढलं, तो सटकला, आणि सीटच्या पलीकडे पाय वर करून पडला. तिसऱ्यांदा मीच पडले. आई स्टुलावर बसून सगळं बघत होती. सुरकुती राहिलीच, मधोमध, कपाळावर आठी पडावी तशी. रविवारी गाडी द्यायचीय आणि मी अशी सीट देणार नाही. गेलं असतं माझं दुकान उघडायच्या आधीच.

आई म्हणाली, "मी निघते गं." आज चहालाही थांबली नाही.

२२ फेब्रुवारी

सकाळी शटर वर केलं तर दादा! हातात रिंगा आवळायची पक्कड. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई म्हणाली सुरकुती येतेय."

मी म्हटलं, "येतेय."

चष्मा वर सरकवला आणि गुडघा ठेवला. बरोबर जिथे ठेवायचा तिथे. "हं." मी ओढलं. "हं." मी ओढलं. मध्ये एकदा म्हणाला, "डावीकडे वाकडं बसतंय." मी म्हटलं, तुझा चष्मा वाकडा आहे. त्याला हसू आलं, ते दाबताना गुडघा सैल झाला, आणि परत पहिल्यापासून करावं लागलं. मला काही वाईट वाटलं नाही. आणखी चार वेळा करायची तयारी होती माझी.

बसली सीट. कपाळ स्वच्छ!

मग त्याला खुंटीवरचं ते कव्हर दिसलं. उलट्या शिवणीवरून अंगठा फिरवत किती वेळ उभा होता. म्हणाला, "आत कोण बघतं?"

"कुणीच नाही."

"तरी सरळ आहे."

तो पक्कड खिशात घालून गेला. दिवसभर मी उगाचच गुणगुणत होते.

२३ फेब्रुवारी

डॉक्टर गाडी घेऊन गेले. आधी मागच्या सीटवर मधोमध जाऊन बसले, मग डावीकडे, मग उजवीकडे. कुत्र्याला आता बसमधून नेणार म्हणाले. गल्लीने दारं लावून निरोप दिला. धप्, धप्, धप्.

निघताना काच खाली करून म्हणतात, "तुमच्या भावाचेही आभार मानायचेत." मला वाटलं कालचं कळलं. तसं नव्हतं. ते पाटी बघून आधी त्याच्याकडेच गेले होते म्हणे! दादाने सीटा बघितल्या आणि सांगितलं, "तयार कव्हर हवं तर मी देतो. छबीच्या हाताचं हवं असेल तर पुढच्या रस्त्याला जा, कोरी पाटी दिसेल तिथे."

म्हणजे भिंतीकडे बघत बसायचा तेव्हा माझं गिऱ्हाईक माझ्याकडे धाडून बसलेला असायचा. आणि मी इथे रोज त्याच्या नावाने बोटं मोडतेय. लबाड कुठला!

२४ फेब्रुवारी

सकाळी पेंटर शिडी घेऊन हजर. मी म्हटलं, अहो, नाव अजून ठरलं नाही. तो म्हणाला, "मागच्या रस्त्यावर ठरलंय. तिकडची पाटी झाली, आता तुमची. छबी सीट वर्क्सच ना?"

चपला न घालता धावले. जुनी पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली. वर नवी, रंग अजून ओला – छबीचा भाऊ सीट वर्क्स.

दादा खाली उभा, मान वर करून. म्हणाला, "सरळ आहे ना?"

मी म्हटलं, "किंचित वाकडी आहे. राहू दे."